शेवटच्या खिळ्यावरची किल्ली

आमच्या संस्थेत दोन प्रकारच्या गोष्टी साठतात. एक, देणगीदारांना पाठवायच्या. त्यात बचत गट असतो, शिवणवर्ग असतो, हसऱ्या मुलांचे फोटो असतात. आणि दुसऱ्या, चहाला उकळी आली की आपोआप बाहेर पडणाऱ्या. त्या कुठल्याच अहवालात बसत नाहीत. बसवल्या तर देणग्या बंद होतील!

मी नारायण पेठेतून रोज स्कूटरवर निघते आणि कोथरूड ओलांडून टेकडीला टेकलेल्या एका वस्तीत जाते. तिथं आमचं केंद्र. केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबलचक खोली. सकाळी बालवाडी, दुपारी शिवणवर्ग, आणि मधल्या वेळात वस्तीतल्या समस्त भांडणांचा निवाडा.

माणसं आम्ही तीन. जोग सर, संस्थेचे संस्थापक. पॉलिटेक्निकमध्ये शिकवून रिटायर झाले. त्यांचं आवडतं वाक्य, "कारण असतं!" मंदाताई, वस्तीतच वाढलेली, बालवाडी चालवते. तिच्या शब्दाबाहेर तिथलं कुत्रंसुद्धा जात नाही. आणि तिसरी मी, विद्या. मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "तुम्ही घाबरलात का हो?" असं विचारायला नको. हो, घाबरले!

*

आमच्याकडे दाराच्या आत एक लाकडी फळी आहे आणि तिच्यावर ओळीनं खिळे. वस्तीतल्या बायका सकाळी कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये कामाला जातात. जाताना घराची किल्ली आमच्या खिळ्याला अडकवतात. दुपारी पोरं शाळेतून येतात, आपापली किल्ली काढून घरी जातात. प्रत्येकीनं किल्लीला आपल्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली. पोरांना आईची साडी बरोबर ओळखू येते.

ही फळी का आली, ते गिरजामावशीमुळे. मावशी टेकडीलगतच्या शेवटच्या खोलीत राहते, चार घरी पोळ्या करते. नवरा कधीच गेला. एकच मुलगी, सुनंदा. आमच्याच शिवणवर्गात यायची. एके दिवशी मावशी घाईत निघाली आणि किल्ली कनवटीला तशीच राहिली. सुनंदा दुपारी अंगात ताप घेऊन घरी आली, तर दाराला कुलूप. बराच वेळ पायरीवर बसली होती म्हणे. मग तोंडाला ओढणी बांधली आणि रस्त्याकडे चालत गेली.

ती परत आलीच नाही.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो चिकटवून झाले. एकदा जोग सर मावशीला घेऊन शवागारात जाऊन आले. मावशीनं चादर बाजूला करून बघितलं, "ही न्हाय," म्हणाली, आणि बाहेर येऊन उलटी केली. त्या आठवड्यात सरांनी स्वतः फळीला रंधा मारला आणि खिळे ठोकले. वस्तीतलं कुठलंही पोर पुन्हा कुलूप बघून परत जाता कामा नये, एवढंच म्हणाले.

मावशीनं शेवटचा खिळा घेतला. मी तेव्हा नवीन होते. विचारलं, "मावशी, तुम्ही तर एकट्याच. किल्ली कुणासाठी ठेवता?"

"आता सुनंदा आली की तिला लागंल न्हवं?" मावशी म्हणाली. वर माझ्याकडे असं बघितलं, की या शहरातल्या बायकांना काही म्हणजे काही कळत नाही!

*

शिवणवर्गाची एक मशीन आपोआप चालते, असं बायका म्हणायच्या. भर दुपारी, शिवणवर्ग भरायच्या आधी केंद्राला घटकाभर कुलूप असताना. खडखड खडखड, आणि मग गप.

जोग सर म्हणाले, "दुपारी एक ते चार पुण्यात माणसं भेटत नाहीत, तिथं भुतं कुठून भेटणार?" आणि कारण शोधायला स्वतः कुलूप लावून बाहेर स्टूल टाकून बसले.

थोड्या वेळानं आत खडखड सुरू झाली! सरांनी कुलूप काढलं, दार ढकललं, तर एक मांजर टुणकन उडी मारून खिडकीतून बाहेर. सरांचा चेहरा असा उजळला, की पेढे वाटायचेच बाकी होते.

"बघा! मांजर पायपट्टीवर बसतं, पट्टी खाली जाते, चाक फिरतं. कारण असतं!"

मंदाताई मशीनपाशी गेली. खाली वाकून काहीतरी काढलं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

"सर, मांजरीनं बॉबिनपण भरली का हो?"

बॉबिन दोऱ्यानं गच्च भरलेली. अगदी एकसारखी, कुठं सैल नाही. सकाळी ती रिकामी होती, मीच बघितली होती.

"आमच्या वर्गात एकच पोरगी जायच्या आधी बॉबिन भरून ठेवायची," मंदाताई म्हणाली. "पुढच्या बाईचा खोळंबा नको म्हणून."

सरांनी बॉबिन खिशात टाकली आणि मांजरीसाठी खिडकीला जाळी बसवून घेतली. मशीन अजून चालते.

*

आयटीवाली पोरं शनिवारी समाजसेवेला येतात. एकसारखे टी-शर्ट, पाठीला सॅक, आणि उत्साह इतका की आपल्यालाच दमायला होतं. एकदा त्यांनी घरोघर साबण-फिनेलचे किट वाटले. परत आल्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला, "ताई, ऑल डन! लास्टच्या घरात फक्त जरा ऑकवर्ड झालं. त्या मॅम काही बोलल्याच नाहीत. किट घेतलं आणि दार लावलं."

"कुठलं शेवटचं?"

"टेकडीला लागून आहे ना, ते. तोंडाला स्कार्फ होता त्यांच्या. मला वाटलं, बाहेर निघाल्या असतील."

मी फळीकडे बघितलं. मावशीची किल्ली जागेवर होती. मावशी कामावर होती. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"पुण्यातल्या निम्म्या मुली तोंडाला ओढणी बांधून फिरतात," जोग सर म्हणाले. "उन्हाळा, धूळ, आणि ओळखीच्या काकवा. यात भुताचं काय आहे? चुकून दुसऱ्याच घरी दिलं असेल."

संध्याकाळी मावशी आली, किल्ली घेऊन घरी गेली, आणि थोड्या वेळानं किट हातात घेऊन परत आली. "हे माझ्या फळकुटावर कुणी ठिवलं?"

"खिडकीतून आत टाकलं असेल कुणीतरी," सर म्हणाले.

"खिडकी कुठाय माझ्या खोलीला?"

सर कारण न सांगताच चहा ठेवायला उठले. अख्ख्या कारकिर्दीत पहिल्यांदा!

*

मला वाटलं, आता मावशीला सगळं सांगावं. मशीनचं, त्या मुलाचं. सर भडकले. "अजिबात नाही! त्या बाईनं तिकडे चादर उचलून बघितलंय. तिला आशा लावू नका. आशा माणसाला खाते."

मंदाताईला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच भुतंखेतं, अंगात येणं, सगळं घराबाहेर काढलं. मी भूत मानत नाही."

"मग हे काय आहे?"

"सुनंदा आहे," मंदाताई म्हणाली, आणि खिचडीला फोडणी घातली.

कप्पाळ! आता यावर काय बोलणार?

*

बालवाडीतली पोरं खिचडीला गोल करून बसतात. त्या गोलात ती एक जागा सोडतात. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. एवढीएवढी पोरं, सुनंदा गेली तेव्हा यातली निम्मी जन्मालाही आली नव्हती. विचारलं तर म्हणतात, "तिथं ताई बसते."

"कुठली ताई?"

"ओढणीवाली."

सर म्हणाले, "मुलांना कल्पनाशक्ती असते, त्यात काही वाईट नाही. पण अंधश्रद्धा लहानपणीच मोडली पाहिजे." आणि सरळ जाऊन त्या रिकाम्या जागेत मांडी घालून बसले. "हं, वाढा मला खिचडी!"

पोरांचे घास हातातच राहिले. बालवाडी कधी गप्प झालेली ऐकलीय तुम्ही? मी पहिल्यांदाच ऐकली. मग पिंकी नावाची एक चिमुरडी हळूच म्हणाली, "सर, तुम्ही तिच्या ओढणीवर बसलाय."

सर चटकन उठले. उठून खाली बघितलं. मग आमच्याकडे बघितलं.

"गुडघा," म्हणाले. "गुडघा धरला एकदम."

तेव्हापासून सर खुर्चीवर बसून खिचडी खातात. गोलाच्या बाहेर.

*

आता माझं. मी हे पुष्कळ दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुपारची वेळ होती. मी केंद्रात एकटी, फोनवर एका कंपनीच्या मॅडम. त्यांना "इम्पॅक्ट" हवा होता आणि मला खिचडीचे तांदूळ हवे होते, त्यामुळे बोलणं लांबलं होतं. तेवढ्यात एक मुलगी आत आली. पिस्ता रंगाची ओढणी तोंडाला घट्ट बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. फळीपाशी गेली, एक किल्ली काढली आणि निघाली. वस्तीत अशा रोज दहाजणी येतात. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "काम झालं की जागेवर लाव गं परत!"

"हो, ताई," ती म्हणाली. आवाज जरा बसलेला, तापातल्या माणसाचा असतो तसा.

फोन संपला. मी उठले. शेवटच्या खिळ्यावर मावशीची किल्ली होती. म्हटलं, चला, इथली तर हलली नाही. सहज हात लावला तर किल्ली चटका बसेल इतकी तापलेली! उन्हात तासभर पायरीवर पडून राहावी तशी. आणि आमची फळी आतल्या भिंतीवर, तिच्यावर ऊन कधीच येत नाही.

मी तशीच बाहेर पडले. स्कूटरची किल्ली आत राहिली होती, ती आणायलासुद्धा परत गेले नाही. रिक्षानं घरी आले. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाटत होतं ते वेगळंच. तिनं मला ताई म्हटलं होतं, आणि मी तिला साधं पाणीही विचारलं नव्हतं. 

*

मग टेकडीच्या भिंतीला तडा गेला. वस्तीमागची ती मोठी दगडी भिंत, तिच्यात हात जाईल एवढी भेग. साहेब लोक येऊन बघून गेले. पुनर्वसनाची इमारत दोन स्टॉपवर तयारच होती. सगळ्यांना हलवलं. पंधरवड्यात वस्ती रिकामी झाली.

गिरजामावशी हलेना.

सगळ्यांचं समजावून झालं. शेवटी जोग सर ओरडले. सर कधी ओरडत नाहीत. "अहो गिरजाबाई, भिंत पडेल तुमच्या अंगावर! मराल!"

"पडू द्या," मावशी म्हणाली. "माझी पोर एकदा कुलूप बघून माघारी गेली. आता आली, आन् घरच न्हाय दिसलं, तर? कुठं जाईल ती?"

 मला तर तोंड फिरवून डोळे पुसावे लागले. त्या भिंतीखाली ती एकटी बाई राहत होती, आणि तिच्या एकटीच्या किल्लीसाठी आम्ही फळी जुन्या केंद्रातच ठेवली होती. पोरं गेली, शिवणवर्ग गेला, बाकी सगळे खिळे रिकामे. मंदाताई तेवढी हट्टानं तिथं रोज बसायची.

एके दुपारी मावशी कामावरून आली. आम्ही तिघंही तिथंच, खोकी बांधत होतो. मावशीनं फळीकडे हात नेला. खिळा रिकामा!

"मंदा, किल्ली?"

मंदाताई सकाळपासून फळीखालीच बसून होती. "इथं कुणीच आलं नाही," ती म्हणाली.

आम्ही पळतच वर गेलो. खोलीचं दार सताड उघडं. कुलूप कडीत लटकत होतं, किल्ली नव्हती. आणि पायरीवर मावशीचा सगळा संसार बांधून ठेवलेला! वळकटी दोरीनं आवळलेली. भांडी साडीत गुंडाळून वर पक्की गाठ. स्टोव्ह पुसून लखलखीत. खोली झाडून घेतलेली, केरसुणी भिंतीला उभी.

"शेजारच्या कुणीतरी..." सरांनी सुरुवात केली.

"सर, शेजारी उरलेत कुठं?" मंदाताई म्हणाली.

मावशी खाली बसली. गाठीवरून बोटं फिरवत राहिली. "ही गाठ सुनंदाची हाय," म्हणाली. "मला अशी येत न्हाय. किती डाव शिकवली तिनं मला." मग पदरानं तोंड पुसून उठली. "चला. पोरीनं बांधलंय, आता न्हाय म्हनून कसं चालंल?"

जोग सरांनी वळकटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी विचारलं, "सर, याला काय कारण असेल?"

"कारण नंतर," सर म्हणाले. "आधी ओझं."

त्याच आठवड्यात भिंत पडली. भर दुपारी. शेवटच्या खोलीचं नुसतं पत्र्याचं टोक मातीतून वर दिसत होतं. ती जुनी किल्ली काही सापडली नाही.

*

नव्या इमारतीत तळमजल्यावर आम्हाला एक खोली मिळाली. सरांनी फळी तिथं लावली आणि प्रत्येक घराला एकेक नवं कुलूप दिलं. मावशीला चौथा मजला. तिनं नव्या किल्लीला त्याच जुन्या साडीची चिंधी बांधली आणि शेवटच्या खिळ्याला अडकवली. कुलपाची दुसरी किल्ली मंदाताईकडे देऊन ठेवली.

आणि मग काहीच घडेना. मशीन गप्प. पोरांनी गोलात जागा सोडणंही बंद केलं. "ताई कुठंय रे?" मी एकदा विचारलं, तर पोरं म्हणाली, "ती हिकडं येत नाही. तिला माहीत नाही."

सरांना वाटलं असेल, सुटलो. पण तेसुद्धा येता-जाता त्या खिळ्याकडे बघायचे. मावशी रोज कामावरून यायची, किल्ली जशीच्या तशी काढून घ्यायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. एकदा मला म्हणाली, "ताई, मी जीव वाचवला आन् पोर घालवली." काय सांगू तिला? माझी भीती गेली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला तीच परत हवी होती.

परवा दुपारी, ऊन मी म्हणत होतं. मी आणि मंदाताई भाजी निवडत बसलो होतो, सर पंख्याखाली पेपर वाचत होते. मावशी आली, फळीपाशी गेली, आणि तिथंच थांबली.

"मंदा," ती म्हणाली, "ही कुणाची?"

शेवटच्या खिळ्यावर किल्ली होती. गंजलेली. दातांत लाल माती अडकलेली. मावशीच्या साडीची विटकी चिंधी. शेवटच्या खोलीची, भिंतीखाली गेलेल्या घराची किल्ली!

नवी किल्ली तिथं नव्हती.

जोग सर उठले. चष्मा पुसला, जवळ जाऊन बघितलं. एका बोटानं किल्लीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मी विचारलं नाही, गरम आहे का म्हणून. मला ठाऊक होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं. कारण काही आलं नाही.

मंदाताईनं कपाटातून दुसरी किल्ली काढली. "मावशी, ही घ्या. नाहीतर आत कशा जाल?"

"नको," मावशी म्हणाली. "दार उघडंच आसंल."

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि जिन्यानं निघाली. सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, लिफ्ट आहे ना!"

"लिफ्टचा आवाज हुतो," मावशी वळून म्हणाली. "दमून आली आसंल. पडली आसंल जरा."

मी तिच्या मागे जायला निघाले, तर सरांनी माझा हात धरला.  आम्ही तिघं जिन्याखाली उभे राहून ऐकत होतो. मावशीची पावलं वर, वर गेली. थांबली. कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही. दार नुसतं ढकलल्याचा आला.



आणि मग वरून मावशीचा आवाज, खणखणीत, अख्ख्या जिन्यात घुमला:

"अगं, एवढ्या उन्हाची आलीस, तोंडाची ओढणी तरी सोड आधी!"